लोखंडी चाकाचा बोल्ट

“काका, ट्रॅक्टर नांगर आहे का बैल?”

सेवकराम मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. तोंडात विझलेली बिडी, हातात पाना, सदऱ्यावर ग्रीसचे डाग. त्यानं मान वर केली. समोर शेवंता उभी होती, दप्तर छातीशी धरून, दोन्ही वेण्या रिबिनीनं दुमडून वर बांधलेल्या. मागं चिंचेखाली मंदा आणि दुर्गा एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या.

“कोनं शिकवलं व हे? मास्तरनं?”

“कोनं नाही. मलेच पाह्यजे उत्तर.”

खरं म्हणजे पैज लागली होती. शाळेतून येताना मंदा म्हणाली होती, दहावीत काय गेली, मोठी वकीलच झाली तू. एवढी आहेस तर विचारून दाखव. आणि शेवंताला यंदा कुणी ‘करून दाखव’ म्हटलं की ती करूनच दाखवायची. पंधरा ऑगस्टच्या भाषणासाठी बाईंनी तिचं नाव घेतलं होतं, तेव्हापासून तिचे पाय जमिनीला नुसते टेकत होते, लागत नव्हते.

प्रश्न तसा खोटा नव्हता. एकोडी गावात नांगराला बाईचा हात लागत नसे. बाई रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करील, निंदण करील, धान कापील, डोक्यावर भारे वाहील. पण तिनं नांगराची मूठ, रुमणं, धरलं की पाऊस रुसतो, असं जुनी माणसं म्हणत. नवी माणसंही, कशाला उगाच, म्हणून ते पाळत. बैलाचं तसं नव्हतं. बैलाचे पाय बायाच धूत, पोळ्याला घास बायाच भरवत. शेवंताच्या बापानं, तुलारामनं, चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात जुना ट्रॅक्टर दारात आणून उभा केला आणि गावातल्या पोरींना पेच पडला. याला कोणात धरायचं?

सेवकरामनं बिडी या गालातून त्या गालात नेली. “डिझेल पेते, धूर सोडते, वढते. बैल नाई तं काय? शेन तेवढं टाकत नाही.”

“मंग मी हात लावला तं चालते?”

सेवकरामनं घराकडं पाहिलं. तुलाराम तलावावर गेला होता, पाण्याची पाळी बांधून घ्यायला. उद्या त्यांच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, पाणी सुटणार होतं, म्हणून तर सकाळपासून ट्रॅक्टरला चिखलणीची लोखंडी चाकं चढवणं चाललं होतं. रबरी टायर चिखलात गरगर फिरतं नि जागचं हलत नाही. पट्ट्यांचं हे जाळीदार चाक चिखल कापत जातं. ते टायरच्या बाहेरून मधल्या तुंब्यावर बोल्टांनी आवळायचं असतं.

“लाव,” सेवकराम म्हणाला. “एक बोल्ट राह्यला. आवळ. पाना जड लागला का सोडून देजो. मी इस्तू घेऊन येतो. आन बापाले नोको सांगजो.”

तो बिडी पेटवायला चुलीकडं गेला. सेवकराम नाकाडोंगरीकडचा. खाणीच्या ट्रकांवर हात काळे करून आलेला, आणि ते तो दिवसातून एकदा तरी ऐकवायचाच. तुलारामच्या बैलांच्या कोठ्यामागच्या खोलीत तो आणि त्याची बायको रुखमा राहत. तो ट्रॅक्टर हाके, ती रोवण्याला जाई.

शेवंतानं दप्तर खाली टाकलं. पाना बोल्टावर बसवला आणि ओढला. बोल्ट फिरला, फिरला आणि जड झाला.

“झालं?” चिंचेखालून दुर्गा ओरडली. “इतल्यात दमली का व वकीलीनबाई?”

“अजून कुठं!”

चाकाशी लोखंडी पाईप पडला होता. सेवकराम तो पान्याच्या दांड्यात घालून गंजलेले बोल्ट सोडवायचा. आवळायला मात्र कधीच घेत नसे. पाईप सोडवाले, आवळाले हात, हे त्याचं बोलणं शेवंतानं कितीदा तरी ऐकलं होतं. पण मंदा टाळ्या वाजवत होती. शेवंतानं पाईप चढवला, त्याच्या टोकाला दोन्ही हातांनी लोंबकळली आणि पाय उचलले.

बोल्ट कुरकुरला. मग एकदम मऊ लागला. पिकलं सीताफळ दाबावं तसा पाना खाली आला आणि ती धपकन बसली.

मंदा आणि दुर्गानं कल्ला केला. शेवंता उठली, परकर झटकला, हसली. पण आवळताना जड जड होत जाणारी वस्तू शेवटी मऊ कशी लागली? तिनं बोल्टाचं डोकं चाचपलं. जागच्या जागी होतं. पाईप होता तिथं ठेवला. सेवकराम आला, पाना उचलून म्हणाला, “हाव, घट्ट आहे,” आणि पुढच्या कामाला लागला.

रात्री जेवताना उजव्या तळव्यावरच्या फोडाला मिरचीचा रस्सा लागला. तिनं ताटाआड हात लपवला.

दुसऱ्या दिवशी शाळा अर्धी ओसच होती, रोवण्यात कोण जातं शाळेत. डोक्यावर शिदोरीची टोपली घेऊन शेवंता बांधीवर पोचली तेव्हा चिखलणी रंगात आली होती. ट्रॅक्टर फुरफुरत गोल फिरत होता, मागून चिखलाचे गोळे उडत होते, बगळे उड्या मारत मागं धावत होते. शेजारच्या तयार बांधीत बायांची ओळ वाकलेली, घोंगडी पाठीवर. बांधीच्या काठाला, धुऱ्यावर, उपटलेल्या पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या रचून ठेवलेल्या, कोवळ्या, हिरव्यागार. एकदा उपटलेलं पऱ्हं फार वेळ थांबत नाही. पाणीही थांबत नाही. आपली पाळी संपली की ते खालच्या बांधीचं.

टण्!

आवाज फार मोठा नव्हता. पण लोखंडी चाक एका अंगाला कललं, ट्रॅक्टरनं गचका खाल्ला आणि सेवकरामनं इंजिन बंद केलं. सगळीकडं एकदम पाण्याचाच आवाज उरला.

तुलाराम गुडघाभर चिखल तुडवत आला. वाकून बघितलं. एका बोल्टाचं डोकं उडालं होतं आणि खालचा तुकडा तुंब्याच्या आत, काठाच्याही खाली, अडकून बसला होता. चाकाचा भार त्याच्या शेजाऱ्यांवर पडून तेही डुगडुगत होते.

“कोनं आवळला हा?”

शेवंताच्या डोक्यावरची टोपली हलली. तिनं तोंड उघडलं.  सेवकरामची नजर तिच्यावरून गेली, थांबली नाही.

“मीच आवळला, भाऊ. दुसरा कोन आवळन?”

“आवळला का झोपेत हात फिरवला? ढिला ठेवला म्हनून तं तुटला!” तुलारामचा आवाज चढला. “खाणीतले ट्रक असेच चालवत होता का?”

बायांच्या ओळीत हशा पिकला. बेबीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काहून व रुखमे, तुह्या घरची खाट तरी धड आहे का, का तिचेही बोल्ट ढिले?”

ओळीच्या टोकाला रुखमा होती. तिनं मान वर केली नाही. पऱ्ह्याची काडी चिखलात खुपसली, दुसरी घेतली, तीही खुपसली. ओळ पुढं सरकली तेव्हा तीच सगळ्यांच्या पुढं होती, जणू मागं कुणीतरी लागलं होतं.

ट्रॅक्टरखाली फळी टाकून जॅक लावला. चाक काढलं. सेवकरामनं तुटक्या तुकड्यावर रॉकेल ओतलं, जरा मुरू दिलं, मग तुकड्याच्या कडेला छिन्नी तिरपी धरून हातोड्यानं उलट्या बाजूला ठोकू लागला. कड उचलली गेली तर तुकडा फिरेल, फिरला तर बाहेर येईल. पण हात चिखलानं बुळबुळीत आणि मन जाग्यावर नाही. छिन्नी सटकली. तुंब्यावर पांढरा ओरखडा उमटला आणि सेवकरामच्या अंगठ्यातून रक्त वाहू लागलं.

“सोड!” तुलारामनं हातोडा हिसकला. “होतं तेही खराब करशील. जाय घरी. बस जाऊन.”

सेवकराम उठला. अंगठा तोंडात घालून, धोतर वर खोचून, बायांच्या समोरून चालत गेला. वाटेत त्याचा एक पाय चिखलात फसला आणि चप्पल आतच राहिली. ती काढायला तो वाकला नाही.

तुलारामनं लेकीला हाक मारली. “शेवंते, सायकल घे. साकोलीले जाय, नंदलालच्या दुकानात. नवीन बोल्ट आन, आन तुकडा काढाले काय लागते ते विचार.”

एकोडी ते साकोली तिनं सायकल अशी दामटली की कुणाला वाटावं कौतुकाचं काम आहे. एरवी साकोलीला एकटीनं जायला मिळालं असतं तर तिनं आठवडाभर मैत्रिणींना ऐकवलं असतं. आज पायडलवर पाय पडे आणि आत एकच घोकणं चाललेलं: ढिला ठेवला म्हनून, ढिला ठेवला म्हनून.

नंदलाल हार्डवेअरचा दुकानदार, पोट गल्ल्याला टेकवून बसणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“डोकं उडालं? आन बाकीचा तुकडा अंदर?”

“हो.”

“मंग ढिला नव्हता बाई तो. ढिला असता तं सुटून पडला असता, नाई तं भोक मोठं करून किती दिवस डुलला असता. पहिल्याच दिवशी फटकन जाते म्हनजे कोनंतरी भीमानं आवळला. पाईपगिईप लावून. वढून वढून मरते बोल्ट. बापाले सांगजो हे.”

त्यानं हातानं फिरवायची ड्रिल वापरून परत आणायच्या बोलीवर दिली, बोल्ट कागदात बांधला, आणि युक्ती सांगितली: तुकड्याच्या मधोमध भोक पाड, भोकात चौकोनी टोकाचं कडक लोखंड ठोक, त्याला पाना लावून उलटं फिरव.

“सांगशील ना बापाले?”

“सांगीन,” शेवंता म्हणाली.

बांधीवर आल्यावर तिनं भोक सांगितलं, चौकोनी लोखंड सांगितलं, उलटं फिरवणं सांगितलं. भीमाचं नाव घेतलं नाही. सांगणं ओठांपर्यंत आलं होतं. पण तुलाराम इतका घाईत होता, पाणी इतकं वेगानं जात होतं, आणि बाया जेवायला धुऱ्यावर गेल्या होत्या. नंतर सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं. तिला तेव्हाच कळलं होतं की हे नंतर येणार नाही.

तुलारामनं तुकड्याच्या मध्यावर खिळ्यानं खूण ठोकली. ड्रिल टेकवली. तो छातीनं दाब देई आणि मूठ फिरवी. सुरुवातीला टोक नुसतं घसरलं, मग लागलं. लोखंडाची बारीक कुरळी साल निघाली. पण तुलारामला कंबरेचं जुनं दुखणं. वाकून वाकून त्याला घाम फुटला, मूठ फिरेना.

त्यानं मागं वळून पाहिलं. बाया पाठमोऱ्या बसून जेवत होत्या.

“ये इकडं. मी दाब देतो. तू फिरव. कोनाले सांगू नोको.”

शेवंता चिखलात गुडघे टेकून बसली. मूठ फिरवू लागली. फोडावरची कातडी पहिल्याच फेऱ्यात निघाली. आतलं लाल मांस लाकडी मुठीवर घासू लागलं. ती थांबली नाही. तिला वाटलं, दुखतंय ते बरं आहे. कुरळ्या साली पडत राहिल्या, बापाचा श्वास तिच्या कानाशी फुसफुसत राहिला. मग ड्रिल एकदम आत गेली.

जुन्या कानशीची चौकोनी शेपटी भोकात ठोकून बसवली. तुलारामनं तिला पाना लावला आणि म्हणाला, “हळू वढ. जोर नोको.”

ते शब्द तिला कानाखाली बसल्यासारखे लागले. तिनं पाना उलट्या बाजूला ओढला. काहीच नाही. पुन्हा. काहीच नाही. रॉकेलचा थेंब सोडून तुलारामनं शेपटीवर हलका ठोका दिला. पुन्हा. आणि आतून काहीतरी नमलं. तुकडा केसभर फिरला. मग बोटभर. मग सहज, आज्ञाधारक पोरासारखा, फिरत फिरत बाहेर आला.

“निंगाला!” तुलाराम ओरडला. नवा बोल्ट बसवताना तो हसत होता. “मस्त हात आहे व तुहा. आता पाने तूच देत जाजो मले. सेवकरामचं काही खरं नाही. रोवणा झाला का पाहा म्हनीन दुसरं घर. उद्यापासून माहा भाचाच येईन चालवाले.”

हेच तर हवं होतं तिला. कालपर्यंत हेच हवं होतं. ट्रॅक्टरशी बापाच्या बरोबरीनं उभं राहायचं, पाने ओळखायचे, मंदा-दुर्गानं बघायचं. ते मिळालं होतं, दुसऱ्याच्या जागेवरून उचलून.

तिनं चिखलातून तुकडा उचलला आणि पुसला. मोडलेलं टोक मानेसारखं बारीक झालं होतं. मळलेलं पीठ ओढल्यावर तुटण्याआधी होतं तसं. तिनं तो परकराच्या खिशात टाकला.

संध्याकाळी ती कोठ्यामागच्या खोलीत गेली तेव्हा तुलारामचं बोलणं तिथं आधीच पोचलं होतं; रुखमा आतापासूनच भांडी गोणपाटात रचत होती. सेवकराम दारात, अंगठ्याला चिंधी बांधून.

“दाखव हात,” रुखमा म्हणाली. शेवंतानं मूठ मागं नेली होती, तिनं ती ओढून उघडली. तेलात हळद कालवून तळव्यावर थापली. “ड्रिलनं झालं? जेवताना पाह्यलं मी वळून.”

“फोड कालचाच होता, काकू.”

रुखमाची बोटं थांबली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं अंगणाकडं.

“काका, तुमी काहून नाही सांगतलं?”

“काय सांगू?” सेवकराम चिडून बोलला. “पोट्टीच्या हाती पाना देऊन मी बिडी ओढाले गेलो, हे सांगू? आन उद्या पाऊस ताणला तं अख्खं गाव म्हनन, तुलारामच्या पोरीनं ट्रॅक्टर बाटवला. तुही शाळा तिथंच बंद. राहू दे. मी कुठंही पाना फिरवीन. नाकाडोंगरीले अजून वळखतात मले.”

“तुमी फिरवसान,” रुखमा म्हणाली. आवाज चढवला नाही. “तुमी घरी येऊन बसले. मी दिवसभर त्या बायांत होतो. उद्याही मलेच जा लागते. पेंढी देताना बेबीबाई म्हने, ढिल्या हातानं नोको धरजो व.”

तिनं शेवंताच्या हातावर चिंधी गुंडाळली, गाठ मारली आणि परत भांड्यांकडं वळली.  रागावली असती तर बरं झालं असतं.

चुलीपुढं तुलाराम जेवायला बसला होता. दिवस सावरल्याचं समाधान तोंडावर. माय, चंद्रभागाबाई, भात वाढत होती.

“तुह्या लेकीचा हात पाहा,” तुलाराम म्हणाला. “पान्यावर काय बसते!”

“बाहेर बोलू नोका,” चंद्रभागाबाई म्हणाली. “लोक ऐकतीन.”

शेवंता ताटावर बसली नाही. उभीच राहिली. खिशातून तुकडा काढला आणि बापाच्या ताटाशेजारी सारवणावर ठेवला. चुलीच्या उजेडात त्याची बारीक झालेली मान दिसत होती.

“हे काय?”

“हा ढिला नव्हता, बाबा. नंदलालशेठनं सांगतलं होतं तुमाले सांगाले. मी नाही सांगतलं. याले पाईप लावून आवळलं. पैज लागली म्हनून मी आवळलं. सेवकरामकाका फकस्त गेले होते बिडी पेटवाले.”

तुलारामचा घास हातातच राहिला. चंद्रभागाबाईनं आधी दाराकडं पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून, आणि दार लोटायला उठली.

“लावू नोको दार, माय.” शेवंता म्हणाली.  “काका म्हनते बोलू नोको, बाबा म्हनते बोलू नोको, तूही तेच. पण त्या बायांत रुखमाकाकूच जाते ना? मी ठरवलं आहे. उद्या सकाळी मी रोवण्याले जाईन. काकूच्या बाजूनं उभी राहीन. पहिली काडी लावाच्या आधी बेबीबाईले, साऱ्या ओळीले सांगीन का बोल्ट मी तोडला आन आज ड्रिलही मीच फिरवली. मंग पाऊस येवो का नाही येवो. तुमी मले शाळेत ठेवा का बांधीत ठेवा. पण सेवकरामकाकाचं बांधलेलं सामान मी आत्ताच जाऊन सोडतो.”